किराणा, कुपन आणि बरकत

नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत 'कुपन' म्हटले की डोळ्यांपुढे रेशनकार्ड येते. "कुपनचे गहू आले का?", "सुनेचे नाव कुपनावर चढले का?" असे प्रश्न राहुरी तालुक्यातल्या गल्लीबोळांत सहज कानावर पडतात. देवळाली प्रवराही त्याला अपवाद नाही. (नाशिकजवळची छावणीची देवळाली वेगळी. ही प्रवरा नदीचे नाव मिरवणारी, राहुरी कारखान्याच्या शेजारची, उसाच्या पट्ट्यातली देवळाली.)

अलीकडे मात्र या शब्दाला दुसरा अर्थ येऊन चिकटला आहे. मोबाइलवर शंभर रुपयांच्या कुपनाचा संदेश येतो. चहाच्या पाकिटावर 'आत कुपन' असे छापलेले असते. शहरातल्या मोठ्या दुकानातून सामान आणले की बिलाच्या तळाशी 'आज आपण इतके रुपये वाचवले' अशी ओळ असते. ती ओळ वाचून बरे वाटते. पण महिनाअखेरीला डबा उघडला तर वाचलेले पैसे त्यात नसतात आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या वहीत आपल्या नावापुढची उधारी होती तेवढीच राहते. मग वाचले ते काय?

कुपन वाईट नाही. नीट वापरले तर चार-पाच माणसांच्या घराला त्याचा खरोखर आधार होतो. पण ज्या वस्तू आपण घेणारच होतो, त्यांच्यावर लागलेले कुपनच पैसे वाचवते. जे कुपन पाहून आपण वस्तू घ्यायचे ठरवले, ते पैसे खर्च करायला लावते. एवढा एक फरक मनात पक्का बसला की बाकीचे सगळे सवयीने जमते.

दुकानदार सूट का देतो?

कुपनाची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एका थंड पेयाच्या कंपनीने 'हा कागद दाखवा आणि एक ग्लास फुकट प्या' अशा चिठ्ठ्या वाटल्या. ते पेय म्हणजे आजचे कोकाकोला. फुकट ग्लास प्यायलेला माणूस पुढचा ग्लास विकत घेईल, हा त्यामागचा हिशेब होता. आजही हिशेब तोच आहे. कंपनीला नवे गिऱ्हाईक हवे असते, दुकानदाराला पडून राहिलेला माल हलवायचा असतो आणि ॲपवाल्याला आपली सवय लावायची असते.

यात लबाडी असतेच असे नाही. विक्रेत्याने स्वखुशीने किंमत कमी केली तर व्यापारात त्याला पूर्ण मुभा आहे. पण तो आपल्या फायद्याचे बघतो, हे ओळखून आपणही आपल्या घराचे बघावे. पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किरकोळ किंमत असते. सगळे कर धरून त्यापेक्षा जास्त घेता येत नाही; कमी मात्र घेता येते. बऱ्याच वस्तू गावातल्या दुकानातही छापील किमतीपेक्षा दोन-पाच रुपये कमीने मिळतात. म्हणून 'छापील किमतीवर १० टक्के सूट' असे वाचल्यावर आधी विचारायचे की हीच वस्तू आपल्या दुकानात रोज कितीला मिळते. तिथे ती आधीच ८ टक्के कमीने मिळत असेल, तर कुपनाची खरी सूट २ टक्केच आहे.

पहिले कुपन रेशनचे

मोबाइलवरची कुपने शोधण्याआधी घरातले कुपन तपासावे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य मिळते. यापेक्षा मोठी सवलत देणारे ॲप नाही.

तरीही कित्येक घरांत हे कुपन अर्धेच वापरले जाते. सून घरात येऊन तीन वर्षे झाली तरी तिचे नाव माहेरच्या कार्डावरच असते. मुलगा शाळेत जाऊ लागला तरी त्याचे नाव चढलेले नसते. आजोबांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत म्हणून कुणी पाठपुरावाच करत नाही. म्हणून या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात. कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का ते पाहावे. नसतील तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा. प्रत्येकाचे ई-केवायसी झाले आहे का ते रेशन दुकानात विचारावे. आणि धान्य घेताना मशीनमधून निघणारी पावती मागून घ्यावी. किती धान्य आपल्या नावे निघाले ते तिच्यावर लिहिलेले असते. तक्रार असेल तर १९६७ हा क्रमांक आहे.

कामासाठी बाहेरगावी गेलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेमुळे प्राधान्य आणि अंत्योदय कार्डाचे धान्य दुसऱ्या गावातल्या रेशन दुकानातूनही उचलता येते. भिवंडीत किंवा पुण्यात मजुरीला गेलेल्या माणसाने गावचे कार्ड गावातच पडू देण्याचे कारण नाही.

सणाच्या काळात सरकार एखादा संच देते तेव्हाही लक्ष ठेवावे. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा संच रेशनवर मिळाला होता. साखरपट्ट्यात आणखी एक कुपन घरोघर असते, ते सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाचे कार्ड. अनेक कारखाने सभासदांना सवलतीच्या दरात साखर देतात. वडिलांच्या नावाचा शेअर असेल आणि वडील हयात नसतील, तर वारसनोंद झाली आहे का, हे एकदा कारखान्याच्या कार्यालयात जाऊन पाहावे.

यादी आधी, कुपन नंतर

आता बाजारातल्या कुपनांकडे वळू. सुरुवात कुपनापासून करायची नाही, ती यादीपासून करायची. घरात महिन्याला काय लागते ते कागदावर लिहून काढा. तेल किती, साखर किती, तूरडाळ, मसूर, बेसन, चहा, आंघोळीचा साबण, कपड्यांची पावडर, मिरची-हळद, मीठ. पंधरा-वीस वस्तूंमध्ये घराचा बहुतेक खर्च येतो. प्रत्येक वस्तूपुढे आपण आज कितीला घेतो तो दर लिहा. ही झाली घराची दरवही. शाळेच्या जुन्या वहीची चार पाने त्याला पुरतात.

दरवही असली की कुपनाचा खरेखोटेपणा तिथल्या तिथे कळतो. एक उदाहरण घेऊ. समजा, आपली यादी ७६० रुपयांची आहे आणि कुपनावर लिहिले आहे, '९९९ रुपयांच्या वर खरेदी केल्यास १०० रुपये सूट'. ती सूट मिळवायला आपण २४० रुपयांचे आणखी सामान घेतो. बिल १,००० होते, सूट जाऊन ९०० द्यावे लागतात. बिलावर लिहून येते, 'आपण १०० रुपये वाचवले'. पण घरातून ७६० जायचे ते ९०० गेले. जादाचे २४० रुपयांचे सामान जर बिस्किटे, शेव आणि शोभेचा डबा असेल, तर १४० रुपये वाया गेले. तेच सामान जर पुढच्या महिन्याचा साबण, मीठ आणि कपड्यांची पावडर असेल, म्हणजे टिकणारे आणि लागणारच असे, तर १०० रुपये खरोखर वाचले. कुपन एकच होते. त्याला लावलेली यादी वेगळी होती.

या हिशेबाला आपल्या दीनमध्ये आधार आहे. कुरआनच्या सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच उधळपट्टीला मनाई केली आहे, आणि सूरह अल-फुरकानमध्ये खर्च करताना उधळही नको आणि कंजुषीही नको, असा मधला मार्ग सज्जनांची ओळख म्हणून सांगितला आहे. स्वस्त मिळाले म्हणून गरजेपेक्षा जास्त आणणे हाही इस्राफच आहे. आणि दुसऱ्या बाजूने, दोन रुपये वाचवायला मुलांच्या दुधात पाणी घालणे किंवा पाहुण्यासमोर चहाचा कप न ठेवणे ही बचत नव्हे.

पाकीट वाचायला शिका

कुपनापेक्षा जास्त पैसे पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून वाचतात. त्यात चार गोष्टी पाहायच्या.

पहिली म्हणजे वजन. पूर्वीच्याच आकाराच्या पिशवीत आता कमी माल असू शकतो. तेलाच्या बाबतीत तर हा घोटाळा हमखास होतो. एक लिटर तेलाचे वजन एक किलो भरत नाही. ते साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे साडेतेरा किलो तेल असते आणि १५ किलोच्या डब्यात पूर्ण १५ किलो. दोन्ही डबे दिसायला सारखेच. 'कुपन लावून डबा शंभरने स्वस्त' असे कुणी म्हणाले तर आधी विचारायचे, डबा लिटरचा की किलोचा?

दुसरी गोष्ट, एककाचा दर. आता पाकीटबंद मालावर छापील किमतीबरोबर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो, प्रति मिलिलिटर किंवा प्रति लिटर काय दर पडतो तेही छापावे लागते. लहान पाकीट घ्यावे की मोठे, एका कंपनीचे घ्यावे की दुसऱ्या, हे त्या एका आकड्यावरून कळते. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते असे नाही. कधी दहा-दहा रुपयांच्या पुड्याच स्वस्त पडतात.

तिसरी गोष्ट, योजनेची भाषा. 'एकावर एक मोफत' म्हणजे निम्मी किंमत. 'दोनवर एक मोफत' म्हणजे तिसरा हिस्सा सूट. '५० टक्के जादा' वाचून निम्मी किंमत वाटते, पण तीही तिसऱ्या हिश्शाचीच सूट असते; दीडपट माल पूर्ण किमतीत. आणि 'कॅशबॅक' म्हणजे आजची सूट नाही. आज पूर्ण पैसे द्यायचे आणि पुढच्या खरेदीत थोडे परत मिळवायचे. ते परत मिळवण्यासाठी पुन्हा त्याच दारात जावे लागते.

चौथी गोष्ट, मुदत. एकावर एक मोफत मिळणाऱ्या वस्तूची मुदत बहुधा जवळ आलेली असते. बिस्किटांचे पुडे आठवड्यात संपणार असतील तर हरकत नाही. पण दोन किलो बेसन उन्हाळ्यात घरात ठेवले तर त्यात किडे आपल्या आधी जेवतील.

मुस्लिम घराला पाचवीही गोष्ट पाहावी लागते. सवलतीत मिळणाऱ्या अनोळखी मिठाया, चघळायच्या गोळ्या किंवा परदेशी चॉकलेटे यांत जिलेटिन असू शकते. घटकांची यादी वाचावी. चौकटीतला हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाचा आणि तपकिरी त्रिकोण मांसाहारी पदार्थाचा, एवढी खूण मुलांनाही शिकवून ठेवावी.

आपल्या गावात कुपन कुठे असते?

मुंबई-पुण्यात दहा मिनिटांत किराणा घरी आणून देणारी ॲपे आहेत. त्यांची कुपने पाहून छोट्या गावातल्या गृहिणीने हळहळायचे कारण नाही. आपल्याकडची कुपने वेगळ्या रूपात असतात.

कंपन्या दुकानदाराला 'स्कीम' देतात. बारा साबणांवर एक, एका पेटीवर चमचा, मोठ्या पाकिटाबरोबर छोटे. ती गिऱ्हाइकापर्यंत पोचतेच असे नाही. म्हणून विचारायची सवय ठेवावी, "भाऊ, यावर काही स्कीम आहे का?" यात लाजण्यासारखे काही नाही. पाकिटावर 'मोफत' छापले असेल तर ती वस्तू आपल्या हक्काची आहे.

रोख खरेदी हेही एक कुपनच आहे. उधारीने नेणाऱ्याला दुकानदार दर कमी करून देत नाही, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात. महिन्याची यादी एकदम आणि रोखीने देणार असाल, तर दोन दुकानांत यादी दाखवून दर विचारा. बहुतेक दुकानदार मोठ्या रोख यादीवर काही ना काही सोडतात.

उसाच्या भागात सगळ्यांचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. कुणाला आठवड्याची मजुरी मिळते, कुणाला उसाचे बिल आल्यावर, कुणाचे दुकान सणावर चालते. आठवड्याने पगार होणाऱ्या घराने महिन्याची यादी एकदम भरण्याचा अट्टहास करू नये. अशा घराने दर आठवड्याला एकच वस्तू मोठ्या मापात घ्यावी. या आठवड्यात तेल, पुढच्या आठवड्यात साखर, त्यापुढे डाळ. चार आठवड्यांत चार वस्तू घाऊक दराने घरात येतात आणि हात आखडत नाही.

स्वस्त मिळते म्हणून श्रीरामपूरला किंवा नगरला जायचे असेल तर भाडे धरून हिशेब करावा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा खरेदीची यादी घरातल्या बाईच्या हाती देणे परवडते. पण तेवढ्यासाठी वेगळी फेरी करू नये. दवाखाना, लग्न, कोर्टकचेरी अशा कामाला जाणे होईल तेव्हा यादी पिशवीत असावी.

इथे थांबून विचार करा

काही सवलती दिसायला गोड असतात, पण आपल्याला त्यांच्याजवळ थांबून विचार करावा लागतो.

लकी ड्रॉचे कुपन. खरेदी केल्यावर दुकानदाराने स्वतःहून चिठ्ठी दिली आणि वस्तूचा दर नेहमीचाच असेल, तर तिला बक्षीस म्हणून पाहणारे अनेक आलिम आहेत. पण चिठ्ठीसाठी वेगळे पैसे द्यावे लागत असतील, किंवा बक्षिसाच्या आशेने नको ती वस्तू घेतली जात असेल, तर तो जुगाराचा रस्ता आहे.

पैसे भरून घ्यायचे सवलत-कार्ड. वर्षाला इतके रुपये भरा आणि अमुक दुकानांत सूट मिळवा, अशी कार्डे असतात. किती लाभ होईल हे अनिश्चित आणि पैसे मात्र आधी गेलेले, म्हणून अनेक आलिमांनी यावर आक्षेप घेतला आहे. घेण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

'आता घ्या, पैसे नंतर द्या'. किराणा घ्यायलाही आता मोबाइलवर कर्ज मिळते. तारीख चुकली की दंड आणि व्याज सुरू होते. ४० रुपयांच्या सवलतीपायी सूद घरात शिरत असेल, तर ती सवलत घेऊ नये.

लिलावाची भिशी. सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे आणि पाळीपाळीने पूर्ण रक्कम उचलायची, ही साधी भिशी बायकांना किराण्यासाठी, रमजानसाठी फार उपयोगी पडते. पण 'मला आधी द्या, मी हजार रुपये कमी घेते' अशी बोली लावली की त्यात व्याजाचा अंश येतो. त्यापासून दूर राहावे.

शेवटी फसवणुकीची कुपने. 'या दुव्यावर बोट ठेवा आणि किराण्याचे कुपन मिळवा', 'दहा जणांना पाठवा' असे संदेश आले तर पुसून टाकावेत. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. तो टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. दुकानाविषयी किंवा मालाविषयी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

दहा घरांची एक यादी

एकट्या घराला घाऊक दर मिळत नाही, दहा घरांना मिळतो. महाराष्ट्रात हे करून दाखवणारी मोठी चळवळ आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. शेजारची काही घरे मिळून एक गट करतात, सगळ्यांच्या याद्या एकत्र होतात, माल घाऊक बाजारातून येतो आणि घरोघर वाटला जातो. यात कुपन नसते आणि जाहिरातही नसते. एकत्र येणे हीच सवलत.

आपल्या मोहल्ल्यात हे छोट्या प्रमाणात सहज होऊ शकते. दहा घरांनी फक्त चार वस्तूंपासून सुरुवात करावी: तेल, साखर, तांदूळ आणि तूरडाळ. नियम मात्र पहिल्या दिवशीच ठरवावेत. पैसे आधी जमा करावेत, उधारी कुणालाही नाही, अगदी सख्ख्या जावेलाही नाही. हिशेब एकीने लिहावा आणि दुसरीने तपासावा. माल सगळ्यांसमोर मोजावा. घट आली तर ती सगळ्यांत सारखी वाटावी.

मापाची गोष्ट हलकी समजू नये. कुरआनमध्ये एक अख्खी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. घेताना पूर्ण घेणारे आणि देताना कमी देणारे, यांची त्यात कडक शब्दांत निर्भर्त्सना आहे. घरगुती वाटपालाही तो नियम लागू आहे. दहा घरांचे पैसे जिच्या हाती असतात, तिच्या हाती ती अमानत असते. आणि गटात केवळ आपल्याच घरांचा समावेश असावा असेही नाही. शेजारच्या ताई, मावशी याही तीच डाळ खातात.

रमजान आणि कुपन

वर्षातली सर्वांत मोठी किराणा खरेदी रमजानची. खजूर, बेसन, साखर, तेल, सरबत, शेवया, शीरखुर्म्याचा सुकामेवा. मागणी वाढली की दरही चढतात आणि रोजाच्या थकव्यात भाव करायला त्राण नसते. म्हणून टिकणाऱ्या वस्तूंची यादी रजबमध्ये करावी आणि खरेदी शाबानमध्ये संपवावी. सुकामेवा चार महिन्यांत थोडा थोडा घेतला तर ईदच्या आदल्या आठवड्यात धावपळ होत नाही. बचतीने रमजानचा खरा लाभ हा की बाजारातला वेळ इबादतीला मिळतो.

या महिन्यात कुपनाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो देणाऱ्यांनी विचारात घ्यावा असा आहे. अनेक ठिकाणी गरजू घरांना शिध्याचा संच दिला जातो. संचात सगळ्यांना सारखेच: पाच किलो आटा, दोन किलो साखर, बेसन, तेल. पण एखाद्या घरात रेशनचा गहू भरपूर असतो आणि बाळाचे दूध नसते. दुसऱ्या घरात साखर चालत नाही, कारण आजीला मधुमेह आहे. तिथे संचापेक्षा कुपन बरे. समितीने गावातल्या एका-दोन किराणा दुकानांशी बोलून ठराविक रकमेची कुपने द्यावीत. गरजू बाई इतर गिऱ्हाइकांसारखीच दुकानात जाते, तिला हवे ते घेते आणि पिशवी घेऊन घरी येते. रांग नाही, फोटो नाही, संचाचा खोका गल्लीतून मिरवत न्यायचा नाही. घेणाऱ्याची इज्जत झाकली जाते आणि गावच्या दुकानदाराचाही धंदा होतो. रक्कम जकातीची असेल तर मालकी पूर्णपणे हक्कदाराच्या हाती जाणे जरुरी असते. त्यासाठी कुपनाची रीत आधी आलिमांना दाखवून घ्यावी.

पहिला महिना असा घालवा

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी चार आठवड्यांचा साधा क्रम.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. फक्त रोजचा खर्च लिहा, मुलाला दिलेले पाच रुपयेही. खर्च कुठे जातो ते कळल्याशिवाय तो आवरता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात दरवही करा. पंधरा वस्तू, दोन दुकाने. रेशनकार्डावरची नावे आणि ई-केवायसी तपासा.

तिसऱ्या आठवड्यात एकच कुपन किंवा एकच स्कीम वापरा, आणि तीही यादीतल्या वस्तूवर. एकदम पाच ॲपे उतरवून घेऊ नका. रात्री मोबाइलवर सवलती शोधण्यात दोन तास गेले तर त्याचीही किंमत मोजावी लागते.

चौथ्या आठवड्यात मोजा. दरवहीतल्या दराने किती गेले असते आणि प्रत्यक्षात किती गेले? जो फरक असेल तेवढे पैसे त्याच दिवशी बाजूला काढून डब्यात टाका. हे केले नाही तर बचत कागदावर राहते आणि पैसे भज्यांत जातात.

या कामात घरातल्या पुरुषांनीही बसावे. बाईने यादी सांभाळायची आणि साहेबांनी येताना 'सेल होता म्हणून' तीन किलो फरसाण आणायचे, असे चालणार नाही. मुलांना दरवही लिहायला द्यावी. गणितही होते आणि पैसा कसा येतो, कसा जातो, तेही कळते.

वाचलेला पैसा कुठे जावा?

पहिल्या महिन्यात कदाचित दीडशे-दोनशे रुपयेच डब्यात पडतील. तेवढ्याने काय होणार, असे वाटेल. ते सर्वांत आधी किराणा दुकानाच्या वहीत जावेत. कर्जाची बाब आपल्याकडे गंभीर आहे. कर्ज मागे ठेवून गेलेल्या माणसाचा जनाजा आला की, कुणी ते फेडायची जबाबदारी घेईपर्यंत प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः त्याची नमाज पढवत नसत, असे हदीसमध्ये आले आहे. उधारीचे पान कोरे झाले की दोन गोष्टी आपोआप घडतात. दुकानात मान वर करून जाता येते आणि रोखीचा दर मागता येतो. म्हणजे उधारी फेडणे ही पुढच्या सगळ्या बचतीची किल्ली आहे.

त्यानंतरचे पैसे रमजानच्या खरेदीला, मुलांच्या शाळेला, दवाखान्याला. आणि त्यातला थोडा भाग, दहा-वीस रुपये का होईना, सदका म्हणून शेजारच्या गरजू घरी. बरकत आकड्यांत मोजता येत नाही. पण ज्या घरात धान्य वाया जात नाही, वहीत उधारी नाही आणि दारात आलेला रिकाम्या हाताने परतत नाही, त्या घरातल्या माणसांना तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.